उत्तराआधीचा अंधार

दौलतराव सरनोबत 'हो' म्हणाले आणि खोलीतल्या सगळ्यांना हायसं वाटलं.

खरं तर म्हणाला तो फोन. पलंगाच्या कठड्याला अडकवलेला, दौलतरावांच्या तोंडासमोर येईल असा. डॉक्टर मेहेंदळे खुर्ची पुढे ओढून त्यांना विचारत होते, "सरनोबत, डोक्यातली जुनी जाळी काढून नवी बसवायची आहे. कवटी पुन्हा उघडावी लागेल. यात काय काय बिघडू शकतं ते मी तुम्हाला सांगितलं. करायचं का?"

थोडा वेळ काहीच आलं नाही. मग स्क्रीन काळी पडली. अ‍ॅप बंद झालं, आपलं आपण पुन्हा सुरू झालं आणि दौलतरावांच्याच जुन्या भरदार आवाजात म्हणालं, "हो. करून टाका, डॉक्टर."

डॉक्टरांनी ते सगळं चित्रित करून घेतलं. पुढच्या सोमवारी ऑपरेशन ठरलं. रत्नमालाबाईंनी नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवला. "बघ, मी उगीच धास्तावले होते," त्या मुलीला म्हणाल्या.

मुलगी, इंद्रायणी, पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिचं लक्ष उत्तराकडे नव्हतं. स्क्रीन काळी का झाली, याच्याकडे होतं. कारण तेच तिचं काम होतं. 'ओठ' नावाचं हे अ‍ॅप पुण्यातल्या ज्या कंपनीनं बनवलं, तिथे ती नोकरीला होती. आणि हे अ‍ॅप मधूनच का बंद पडतं, ते शोधायची जबाबदारी गेल्याच आठवड्यात तिच्याकडे आली होती.

दौलतराव म्हणजे कोल्हापुरातले जुने फुटबॉल पंच. वीज मंडळातली नोकरी सांभाळून आयुष्यभर मैदानावर पळले. भर फायनलमध्ये आपल्याच पेठेच्या संघाचा गोल त्यांनी नाकारला होता. त्या संध्याकाळी घरावर दगड आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतराव त्याच पेठेतून, त्याच चौकातून, रोजच्यासारखे दूध घेऊन आले. घरातही त्यांचा शब्द तसाच. 'नाही' म्हटलं की नाही. रत्नमालाबाईंचं माहेरी जाणं, इंद्रायणीचं पुण्याला शिकायला जाणं, सगळं आधी त्या 'नाही'वर आपटायचं आणि मग कधीतरी, खूप दिवसांनी, वाट काढून पुढे सरकायचं.

मग मेंदूच्या देठाशी रक्तस्राव झाला. मेंदू शाबूत, पण त्याचा हुकूम शरीरापर्यंत नेणारी वाटच बंद. पहिले काही महिने पापण्या हलायच्या. एकदा मिटल्या म्हणजे हो, दोनदा मिटल्या म्हणजे नाही. दुसऱ्या झटक्यात पापण्याही गेल्या. तेव्हापासून डोळ्यांत थेंब नर्सनं घालायचे आणि झोपायच्या वेळी पापण्याही तिनंच बोटानं मिटायच्या. त्यांना ऐकू येत होतं, दिसत होतं, सगळं कळत होतं. बाहेर काहीच येत नव्हतं. पाच फूट दहा इंचांचा माणूस स्वतःच्याच अंगात कोंडला गेला होता आणि दाराला आतून कडी नव्हती.

अशा माणसांसाठी 'ओठ' होतं. ओठ आणि जीभ हलवायचा हुकूम मेंदूच्या ज्या भागातून सुटतो, त्याच्यावर केसाहून बारीक तारांची एक जाळी पसरायची. माणसानं शब्द उच्चारायचा नुसता प्रयत्न केला तरी तिथल्या पेशी पेटतात. जाळी ते टिपते आणि फोनला कळवते. पण जे टिपलं जातं ते फार पुसट असतं, पलीकडच्या खोलीतलं बोलणं भिंतीला कान लावून ऐकावं तसं. म्हणून फोनमध्ये एक अंदाज करणारा भाग होता. समोरच्यानं काय विचारलं, हा माणूस आजवर काय बोलला, कुठल्या उत्तरानंतर घरच्यांनी गप्पा वाढवल्या, हे सगळं धरून तो वाक्य पुरं करायचा. 'च' एवढंच ऐकू आलं तरी 'चहाचा वास छान येतोय' असं म्हणायचा.

अंदाज चुकला तर? त्याचीही सोय होती. प्रत्येक वाक्य बोलायच्या आधी स्क्रीनवर त्या माणसाला क्षणभर दाखवलं जायचं. समोर चूक दिसली की माणसाच्या मेंदूत अर्ध्या सेकंदाच्या आत एक ठरावीक लाट उठते. ती दाबता येत नाही आणि खोटीही आणता येत नाही. जाळीला ती लाट कळली की अ‍ॅप ते वाक्य टाकून पुढचं काढायचं.

कागदावर यात काहीच चुकीचं नव्हतं. प्रयोगशाळेत इंद्रायणीनं हरप्रकारे करून पाहिलं, अ‍ॅप एकदाही बंद पडलं नाही. बंद पडायचं ते लोकांच्या घरी. अहवालात दरवेळी एकच ओळ यायची, फोनची स्मृती संपली. का संपली, ते नाही. शेवटी तिनं सुट्टी टाकली, लॅपटॉप आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, फोनला जोडला आणि सकाळच्या उन्हात त्यांच्याजवळ बसली. अ‍ॅपच्या पोटात काय चाललंय ते आता तिला डोळ्यांसमोर दिसत होतं.

"आबा, खिडकी उघडू?"

"उघड. ऊन येऊ दे." लगेच. लाट नाही, काही नाही.

"पेपर वाचू?"

"मागचं पान आधी." तेही सुरळीत.

रत्नमालाबाई आत आल्या. "अहो, सोमवारी जायचंय हं. धीर धरा."

लॅपटॉपवरची लाट दाखवणारी रेघ ताडकन वर उठली. खाली आली, पुन्हा उठली. पुन्हा. पुन्हा. फोनची स्क्रीन काळी झाली. मग आवाज आला, "तू आहेस ना. मला कसली भीती?"

रत्नमालाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

इंद्रायणीला जे वाटत होतं ते पडताळून पाहायचा एकच मार्ग होता. आबा ज्याला कधीच, कुठल्याच जन्मी हो म्हणणार नाहीत, असं काहीतरी विचारायचं.

"आबा," ती म्हणाली, "फायनलचा तो गोल. तो ऑफसाइड नव्हताच ना? तुमची चूक झाली."

रेघ उठली. अ‍ॅपनं पहिलं वाक्य काढलं, 'असेल बाई.' लाट. दुसरं, 'जुनी गोष्ट झाली ती.' लाट. 'तू म्हणतेस तर तसं.' लाट. 'चुका माणसाकडूनच होतात.' लाट. यादी संपली, अ‍ॅपनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा लाट. आतला माणूस मिळेल त्या वाक्यावर थाड थाड लाथा मारत होता आणि अ‍ॅप तीच वाक्यं फिरून त्याच्यासमोर आणत होतं. स्क्रीन काळी झाली.

"असेल," आबांचा आवाज म्हणाला. "माझीच चूक झाली असेल."

"अगं बाई!" दारातून रत्नमालाबाई हसल्या. "इतक्या वर्षांनी कबूल केलं बघ! कॅमेऱ्यात घ्यायला हवं होतं की!"

इंद्रायणीनं आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो होता तसाच होता, ओघळलेला, निवांत. तिला तिथे बसवेना.

कारण सापडलं होतं, आणि ते समजायला इंजिनिअर असायची गरज नव्हती. अंदाज करणारा भाग घरच्यांकडून शिकला होता. आजारी माणूस गोड बोलला की घरचे जास्त वेळ बसतात, तुटक बोलला की उठून जातात. महिनोन् महिने हे पाहून त्यानं नकाराची वाक्यं मागे, मागे आणि शेवटी यादीबाहेर ढकलली होती. दुधाला नाही, पंख्याला नाही, असले बारीक नकार अजून निघायचे. पण ज्यानं घरच्यांचं मन दुखेल तो नकार यादीत उरलाच नव्हता. मग माणूस एकेक वाक्य नाकारत जायचा. अ‍ॅप प्रत्येक नकार पोटात ठेवून पुढची फेरी सुरू करायचं, पंगतीनंतर उष्टी ताटं एकावर एक रचत जावी तशी. रास छताला टेकली की फोनची स्मृती संपायची आणि अ‍ॅप कोसळायचं. पुन्हा सुरू झालं की अर्धवट राहिलेलं बोलणं वाया जाऊ नये म्हणून यादीतलं पहिलं वाक्य ते बोलून टाकायचं. यादीतलं पहिलं, म्हणजे सगळ्यांत गोड.

प्रयोगशाळेत हे कधीच दिसलं नाही, कारण तिथे लोक दिलेली वाक्यं मनात म्हणायचे. तिथे कुणाला कशाला नाही म्हणायचंच नव्हतं.

अंगणातल्या नळाशी उभं राहून तिनं तोंडावर पाणी मारलं. तेव्हा दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली आणि ती तिथेच कट्ट्यावर बसली.

तिचं लग्न आबांना मान्य नव्हतं. जयसिंगपूरचा अभिनंदन चौगुले, जैन घरातला, पुण्यात तिच्याच कॉलेजात शिकलेला. "आपल्यात मुलं संपली काय?" एवढंच आबा म्हणाले होते, आणि लग्नाला आले नाहीत. पुढे त्यांनी मुलीशी बोलणंच टाकलं. मग आजारपण आलं, जाळी बसली, आणि एका दुपारी, धीर करून, तिनं विचारलं होतं, "आबा, त्यांना आणू का एकदा?" फोन म्हणाला होता, "घेऊन ये. माझा राग केव्हाच गेला." ती त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडली होती. तेव्हापासून अभिनंदन दर महिन्याला येत होता. सासऱ्यांची दाढी करत होता, पाय चेपत होता.

फोन तसं म्हणायच्या आधी स्क्रीन काळी झाली होती. अहवाल उघडून बघायची गरज नव्हती. तिला लख्ख आठवत होतं. नेटवर्क गेलं असेल, असं तेव्हा वाटलं होतं.

तिनं अभिनंदनला फोन लावला. सापडलं ते सगळं सांगितलं.

"म्हणजे मी दाढी करत होतो," तो म्हणाला, "आणि ते आतून मला हाकलत होते?"

"माहीत नाही रे."

"मी आता यायचं नाही का?"

"तेही माहीत नाही. आणि विचारू कसं? ज्याच्यातून विचारायचं तेच हे."

दुपारी तिनं कंपनीत कळवलं. तिचा वरिष्ठ, कौस्तुभ, पडद्यावर आला आणि ऐकता ऐकता खुलला. "सापडलं! इंदू, कमाल आहेस. सोपं आहे मग. फेऱ्या मोजायच्या. चार झाल्या की थांबायचं आणि पहिलं वाक्य बोलायचं. क्रॅश बंद. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना पाठवू."

"कौस्तुभ, तो क्रॅश नाहीये. तो माणूस नाही म्हणतोय. आत्ता निदान स्क्रीन काळी तरी होते. तू म्हणतोस तसं केलं तर तेवढंही कुणाला दिसणार नाही."

"मग काय करायचं? अंदाज काढून टाकायचा? एकेक अक्षर दाखवत बसायचं आणि लाटेची वाट बघायची?"

"हो. तसा पर्याय तरी ठेवू."

कौस्तुभनं चष्मा काढला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या थोरल्या भावासाठीच त्यानं या कामात उडी घेतली होती. "मिनिटाला दोन अक्षरं," तो हळू म्हणाला. "आपण सुरुवात तिथूनच केली होती ना? तू पाहिलंयस. बायका-मुलं दहा मिनिटं बसायची आणि उठून जायची. पेशंट एकटे पडायचे, खंगायचे. आज घराघरात लोक त्यांच्याशी बोलतात. ते तू काढून घेणार?"

तो म्हणत होता ते खरंच होतं.

"आणि ती ओळ तू नाही लिहिलीस," तो म्हणाला, "तर दुसरा कुणीतरी लिहील. मला ती शुक्रवारी हवीच आहे."

कुठेही वळलं तरी भिंतच होती. गप्प बसावं, तर सोमवारी आबांची कवटी त्यांच्या मनाविरुद्ध उघडली जाणार. बोलावं, तर कंपनीशी केलेला गुप्ततेचा करार मोडतो. आणि बोलून जे हाती येणार, त्यात आपल्याला मिळालेली ती एक दुपारही जाणार.

संध्याकाळपर्यंत तिनं 'ओठ'च्या जुन्या भागांतून एक साधं अ‍ॅप जुळवलं. अंदाज बंद. पडद्यावर एकेक अक्षर, लाट आली तर पुढचं, नाही आली तर तेच धरायचं. प्रत्येक अक्षर तीनदा दाखवून खात्री करायची. ते आबांच्या फोनवर चढवायच्या आधी तिनं आईला सगळं सांगितलं.

रत्नमालाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मला हे नको," त्या म्हणाल्या.

"आई—"

"ऐक. चाळीस वर्षं मी या माणसाच्या नाहीबरोबर संसार केला. आता ते म्हणतात, रत्ना, दमलीस, बस जरा. म्हणतात, तुझ्या हातची आमटी आठवते. मी रोज त्यांच्याशी बोलते, इंदू. आधी कधी बोलत नव्हते. आणि तू म्हणतेस ते सगळं फोनचं?"

"सगळं नाही. जिथे स्क्रीन काळी झाली नाही, तिथे त्यांनी ते नाकारलं नव्हतं. 'दमलीस, बस जरा' बघू का मी? कळू शकेल."

"नको!" टोपली कलंडली, शेंगा फरशीवर सांडल्या. "त्यातलं कुठलं त्यांचं आणि कुठलं नाही, ते मला कधीही सांगायचं नाही. शपथ आहे तुला."

दोघी खाली बसून शेंगा गोळा करू लागल्या. बऱ्याच वेळानं रत्नमालाबाईंनी विचारलं, "ऑपरेशनला नाही म्हणत असतील?"

"वाटतं तसं."

"मग बसव," त्या म्हणाल्या. "मला आवडो न आवडो. डोकं त्यांचं आहे."

डॉक्टर मेहेंदळे शनिवारी आले. त्यांना हे पटलं नव्हतं. त्यांच्याकडे हो म्हटल्याचं चित्रण होतं. "उद्या तुम्ही म्हणाल हे नवीनही चुकतंय," ते म्हणाले.

"म्हणून दोन्ही बाजूंनी विचारा," इंद्रायणी म्हणाली. "आणि आधी, ज्यांची उत्तरं तुम्हाला माहीत आहेत असे प्रश्न विचारा."

डॉक्टरांनी तसंच केलं. आज शनिवार आहे का? तुमच्या मुलीचं नाव शारदा आहे का? रेघ जिथे उठायला हवी तिथेच उठत होती. डॉक्टर हळूहळू पुढे सरकून बसले. "सरनोबत, ऑपरेशन करू?" रेघ उठली. "ऑपरेशन न करता राहू दे?" रेघ शांत राहिली. त्यांनी ते तीनदा विचारलं, शब्द फिरवून. मग म्हणाले, "काही सांगायचंय?"

अक्षरं यायला लागली. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, डॉक्टरांचा फोन दोनदा वाजला, त्यांनी तो बंद केला. 'कि', मग 'ती', मग बराच वेळ काही नाही. शेवटी पडद्यावर उभं राहिलं: *किती वेळा सांगू? नको.*

डॉक्टरांनी मान खाली घातली. हा माणूस त्यांच्या समोर इतके दिवस ओरडत होता.

त्यांनी ऑपरेशन रद्द केलं. 'ओठ'च्या वैद्यकीय प्रयोगावर देखरेख करणाऱ्या समितीला इंद्रायणीनं त्याच दिवशी सगळं लिहून पाठवलं आणि खाली आपलं नाव घातलं. कंपनीनं सोमवारी तिला कामावरून थांबवलं. समितीनं शुक्रवारची दुरुस्ती अडवली आणि प्रत्येक घरात अक्षरांचा पर्याय द्यायला सांगितलं. काही घरांनी तो घेतला. बऱ्याच घरांनी घेतला नाही. एका बाईंनी इंद्रायणीला फोन करून सांगितलं, "आमचे हे आत्ता सुखात आहेत. तुम्ही आमच्यात पडू नका." त्या बाईंच्या नवऱ्याची स्क्रीन दिवसातून किती वेळा काळी होते, हे इंद्रायणीला माहीत होतं.

अभिनंदन त्या महिन्यात आला नाही. आबांची दाढी नर्सनं केली, ओबडधोबड.

नंतरच्या एका रविवारी सकाळी रत्नमालाबाई देवळात गेल्या होत्या. इंद्रायणी आबांजवळ बसली. हा प्रश्न ती कितीतरी दिवस टाळत होती. विचारला नसता तरी चाललं असतं. ती दुपार तशीच राहिली असती, अर्धी तिची, अर्धी फोनची.

"आबा," ती म्हणाली, "अभिनंदनला आणू का, असं मी विचारलं होतं. तेव्हा फोन काहीतरी बोलला. तुम्ही काय म्हणत होता?"

ती पडद्याकडे बघत राहिली. अक्षरं जात होती, एकेक, लाटेवर लाट. मग एक थांबलं. *ना.* मग *ही.*

माहीतच होतं. ती उठली, आबांच्या डोळ्यांत थेंब घातले, गालावर ओघळलेला एक पुसला. पुन्हा बसली.

"बरं," ती म्हणाली. "आणि आता?"

अक्षरं सुरू झाली. 'अ' गेलं, 'क' गेलं. पहिल्या अक्षरालाच इतका वेळ लागला की तिला वाटलं, जाळीच बंद पडली. रेघ दमल्यासारखी उठत होती. बाहेर फाटक वाजलं. रत्नमालाबाई परतल्या, दारात चप्पल काढून तिथेच थांबल्या, आत आल्या नाहीत.

*वि.*

*चा.*

"दमलात तर राहू दे आबा," इंद्रायणी म्हणाली. रेघ उसळली, अक्षरांसाठी उठली होती त्याहून उंच, आणि इंद्रायणीनं पुढचं अक्षर येऊ दिलं.

*र.* मग *क.* मग *र.* मग *तो.*

विचार करतो.

इंद्रायणीनं ते दोनदा वाचलं. मग खुर्ची पलंगाला चिकटवली.

"करा," ती म्हणाली. "मला कुठं जायचं नाही."